शाळेच्या बँडसाठी स्टिक आणि बीटर घेताना : सांगलीतला अनुभव

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेच्या बँडसाठी साइड ड्रमच्या स्टिक, बेस आणि टेनरचे बीटर आणि बेल लायराचे मॅलेट घेण्याचं काम माझ्याकडे आलं. साइड ड्रम म्हणजे दोन स्टिकनी वाजवायचा छोटा ड्रम, बेस सर्वांत मोठा, टेनर मधल्या मापाचा. बीटर म्हणजे डोकं बसवलेला दांडा. बेल लायरा म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं, उभं धरून वाजवायचं वाद्य, आणि मॅलेट म्हणजे त्याची गोळा लावलेली काडी. शाळा सांगलीत, मुलींची, अनुदानित. मी शारीरिक शिक्षण शिकवते. संचलन, कवायत हे माझ्या हातातलं, पण ड्रम मी कधी वाजवलेला नव्हता. या विषयावर मराठीत सलग असं वाचायला मिळालं नाही. ज्यांच्याकडे यंदा शाळेच्या बँडची जबाबदारी येईल त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे, कागदपत्रांसकट.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आधी कपाट रिकामं केलं. दहा साइड ड्रम, दोन टेनर, दोन बेस, झांजा आणि एक बेल लायरा. वाद्यं बरी होती. स्टिकचा खोका मात्र पंधरा-वीस वर्षांच्या खरेदीचा गाळ होता. एक लांब, एक आखूड, एकाचं टोक उडालेलं, एकाला चिकटपट्टी, काही चक्क ताशाच्या काड्या. मुली सरावाला आल्या की खोक्यात हात घालून मिळतील त्या दोन उचलायच्या.

आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस बँड शिकवायला एक निवृत्त हवालदार येतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. मुली त्यांना हवालदार काका म्हणतात, आता मीही म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी खोका माझ्यासमोर ठेवला. ‘‘मॅडम, दहा ड्रम आहेत, पण दहा आवाज येतायत. पोरींचा हात चुकत नाहीये. प्रत्येकीच्या हातात वेगळं वजन आहे.’’

हे खरं का, ते मला पाहायचं होतं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर आणि रसायनच्या बाईंकडून डिजिटल काटा घेतला. जाडी बारा मिलिमीटरपासून सतरापर्यंत निघाली. सर्वांत हलकी स्टिक ३८ ग्रॅमची, सर्वांत जड ७१ ची. एका मुलीच्या तर उजव्या आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्येच १६ ग्रॅमचा फरक होता. तिचा डावा हात कच्चा आहे असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. सारख्या वजनाच्या दोन स्टिक देताच तिचा रोल, म्हणजे दोन्ही हातांनी भरभर सलग वाजवणं, त्याच तासाला सुधारला. खरेदीच्या फायलीत मी पहिलं पान याच मोजमापाचं लावलं. समितीपुढे ‘नवीन स्टिक हव्यात’ म्हणण्यापेक्षा हा तक्ता जास्त कामाला आला.

मग आकड्यांची भाषा शिकले. दुकानात गेलं की ५ए, ५बी, २बी, ७ए असं कानावर पडतं. ही जुनी अमेरिकन पद्धत आहे. ए ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी आणि एस स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या संचलनासाठी. साधारणपणे आकडा लहान तितकी स्टिक जाड, म्हणून २बी ही ५बी पेक्षा जाड. ५ए अंदाजे १६ इंच लांब आणि साडेचौदा मिलिमीटर जाड असते, ५बी तेवढीच लांब पण पंधरा मिलिमीटरच्या आसपास. खास मार्चिंगच्या स्टिक १७ इंचांपर्यंत लांब आणि अठरा मिलिमीटरच्या घरात. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा नुसत्या ‘५बी’ या छापावर विसंबू नका, मोजून घ्या.

टोकाचंही तसंच. लांबट थेंबासारखं, गोल, अॅकॉर्नच्या (ओकच्या फळाच्या) आकाराचं, पिंपासारखं असे प्रकार असतात. टोक जितकं मोठं आणि भरीव तितका आवाज भरदार, लहान गोल टोकाचा आवाज नेमका आणि स्वच्छ. नायलॉनच्या टोकाने आवाज चमकदार येतो आणि ते लवकर झिजत नाही, पण कधीकधी निसटून उडतं. शेजारी मुलींची रांग उभी असताना मला ते नको होतं.

जुलैच्या सुरुवातीला मिरजेला गेले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तिथल्या कारागिरांइतकं लाकूड कोणाला कळणार? ओळखीने एका कारागिरांकडे आमच्या चार स्टिक घेऊन गेले. ते ड्रमच्या स्टिक बनवत नाहीत. पण त्यांनी चारही हातात घेतल्या, दाराच्या उजेडात फिरवल्या आणि एक बाजूला काढली. तिच्यावर नखाने रेघ दाखवली. लाकडाच्या रेषा बुडापासून निघून मध्येच कडेला सुटत होत्या. ‘‘ही इथंच मोडणार. रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. लाकडाची जात नंतर बघा, आधी रेष बघा.’’ पुढे महिन्याभरात ती स्टिक सरावात तुटली, त्यांनी दाखवलेल्या जागीच. दुसरं त्यांनी सांगितलं ते वाळवणीबद्दल. नीट न वाळलेलं लाकूड पावसाळ्यात वाकणारच, त्यावर कितीही लॅकर (चकचकीत रोगण) मारा.

लाकडं मुख्यतः तीन. हिकरी अमेरिकेतलं, चिवट, हाताला बसणारा धक्का पचवणारं. मेपल त्याहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात जाड स्टिक मिळते. ओक जड आणि घट्ट. आपल्याकडे स्थानिक लाकडाच्याही स्टिक मिळतात, मेरठहून येणाऱ्या बँडच्या सामानात त्या असतात. २०२४ मध्ये किंमत १५०-२०० रुपये जोडी होती. त्यातल्या काही उत्तम असतात, पण एकाच बांधणीतल्या दोन जोड्या सारख्या निघतील याची खात्री नाही, आणि आमचं दुखणं नेमकं तेच होतं.

जुलै संपताना पाऊस वाढला. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे. ४० फूट इशारा, ४५ धोका. सराव काही दिवस बंद राहिला. २०१९ च्या पुरानंतर आम्ही वाद्यं वरच्या मजल्यावर ठेवतो, तरी दमट हवेने जुन्या स्टिक काचेवर ठेवल्या तर डुगडुगायला लागल्या. पावसाळ्यात स्टिक कपाटात कोंबू नयेत, कापडी पिशवीत आडव्या ठेवाव्यात.

१५ ऑगस्टचं संचलन जुन्या स्टिकवरच झालं. काकांनी एवढंच केलं की खोक्यातून वजनाने जवळजवळ असलेल्या जोड्या लावल्या आणि जड जोड्या मधल्या मुलींना, हलक्या कडेच्यांना दिल्या. तेवढ्यानेही फरक पडला.

त्यानंतर मुख्याध्यापिकांनी, आमच्या मोठ्या बाईंनी, किरकोळ खर्चातून नमुने घ्यायला ४,००० रुपये मंजूर केले. मोठी खरेदी करण्याआधी नमुन्यांसाठी थोडे पैसे जरूर मागून घ्या. मी ५ए, ५बी, २बी यांची एकेक जोडी आणि मार्चिंगची एक जाड जोडी मागवली. पण इथे सांगलीकरांनी एक लक्षात ठेवायचं : गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्याआधीचे पंधरा दिवस आणि अनंत चतुर्दशीपर्यंत वाद्यांच्या दुकानात तुमच्याशी बोलायलाही कोणी मोकळं नसतं. ढोलाची पानं, ताशाच्या काड्या, टिपरू यांची झुंबड असते. माझे नमुने १७ तारखेनंतरच हातात आले.

चाचणी आम्ही मैदानावर घेतली. बंद वर्गात सगळंच भारी वाटतं. पाच मुली, त्यातली एक सातवीतली, चणीने सर्वांत लहान. एकच ताल, एकच ड्रम, स्टिक बदलत जायच्या. एक फोन ड्रमजवळ आणि एक मैदानाच्या पलीकडच्या कडेला, जिथे पाहुण्यांचा मंडप असतो तिथे. मुलींना नावं सांगितली नव्हती, बुडाला फक्त रंगीत ठिपके होते.

जाड मार्चिंग स्टिक पाहून सगळ्यांचे डोळे चमकले होते. परदेशी पथकांच्या व्हिडिओत याच दिसतात. पण तिथल्या स्नेअर ड्रमचं, म्हणजे साइड ड्रमचं, पान केव्हलारसारख्या धाग्याचं, अतिशय आवळून कसलेलं असतं. त्या ताठ पानावर जड स्टिक उसळी घेते. आमच्या ड्रमचं पान साधं, पातळ प्लास्टिकचं. त्यावर तीच स्टिक रुतल्यासारखी पडत होती. पानावर बारीक खळगे दिसायला लागले तसं काकांनी थांबवलं. सातवीतल्या मुलीचा खांदा तोवर कानापर्यंत चढला होता. ‘‘बाई, हात भरून आला,’’ ती म्हणाली. ५ए हाताला सोपी, जवळच्या फोनमध्ये गोड, पण पलीकडच्या फोनमध्ये झांजांखाली हरवलेली. २बी चा आवाज सर्वांत छान पोचत होता. नववीच्या मुलींना तीच हवी होती.

इथे आमची बरीच चर्चा झाली. मोठ्यांना २बी आणि लहानांना ५ए द्यावी असं एका पालकांचं म्हणणं. काका ठाम होते आणि मला त्यांचं पटलं : रांगेला एकच स्टिक. वेगळं वजन म्हणजे वेगळी उसळी, वेगळा आवाज, स्टिक उचलण्याची वेगळी उंची. लांबून पाहणाऱ्याला रांग तुटलेली दिसते आणि ऐकणाऱ्याला फाटलेली. मग एकच कोणती? जी सर्वांत लहान मुलगी पूर्ण संचलनभर खांदा न उचलता वाजवू शकेल ती. अशा रीतीने ५बी ठरली, हिकरी, लाकडी टोक, अॅकॉर्न आकार. महागड्या पण मिसळलेल्या स्टिकपेक्षा मध्यम पण सारख्या स्टिक रांगेला शोभतात, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

बेसचं काम तुलनेने लवकर झालं. बीटरचं डोकं ड्रमच्या मापाला साजेसं हवं. मोठ्या ड्रमवर लहान डोकं मारलं तर नुसता टपटप आवाज येतो, ड्रम बोलत नाही. मऊ लोकरी बीटरचा आवाज सभागृहात घुमदार वाटतो, मैदानावर मात्र पसरतो आणि पावलाला ठोका सापडत नाही. संचलनासाठी घट्ट फेल्टचं (दाबून केलेल्या लोकरीचं) डोकं आणि आखूड दांडा. हलवून पाहा, डोकं दांड्यावर जरा जरी हललं तर परत करा. दोन्ही बीटर सारखेच घ्या.

टेनरसाठी काकांनी मनगटात अडकवायची दोरी असलेले बीटर मागितले. पाइप बँडमध्ये टेनरवाले ठोक्यांच्या मध्ये बीटर फिरवतात, ती करामत मुलींना शिकवायची त्यांची फार इच्छा होती. दोरी पक्क्या विणीची हवी आणि तिचं टोक दांड्यात आरपार ओवलेलं हवं, नुसतं चिकटवलेलं नको.

बेल लायरासाठी एक सोपी युक्ती. पट्ट्यांना चुंबक लावून बघा. चिकटलं तर पट्ट्या पोलादी, नाही चिकटलं तर बहुधा अॅल्युमिनियमच्या. अॅल्युमिनियमवर पितळी मॅलेट वापरलं की खड्डे पडतात आणि पट्टीचा सूर बिघडतो. आमच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या होत्या, म्हणून कडक प्लास्टिकच्या गोळ्याचे मॅलेट घेतले.

ऑक्टोबर गेला कागदांत. संस्थेच्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची शिफारस, शाळा समितीचा ठराव आणि मग पुरवठा आदेश. आमचे लेखनिक, भाऊसाहेब, यांनी पहिली दरपत्रकं परत केली. एकावर जीएसटी क्रमांक नव्हता, दुसऱ्याची मुदत पंधराच दिवसांची होती. मुदत किमान साठ दिवसांची मागून घ्या, तेवढा वेळ जातोच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपशील. ‘ड्रम स्टिक, नग २४’ एवढंच लिहिलं तर सर्वांत कमी दर काहीतरी भलत्याच मालाचा येतो आणि नियमाने तोच घ्यावा लागतो. मी असं लिहिलं : हिकरी लाकूड, लांबी १६ इंच, जाडी १५ मिमी (अधिक-उणे ०.३), लाकडी टोक, रेषा सरळ, एका जोडीतला फरक २ ग्रॅमच्या आत, संपूर्ण संचातला ५ ग्रॅमच्या आत, यात न बसणारा माल बदलून द्यावा. ब्रँडचं नाव घातलं नाही. प्रसिद्ध परदेशी ब्रँडचा दर जोडीला १,०५० आला. तपशिलात बसणारी, कमी ओळखीच्या ब्रँडची जोडी ५२० ला मिळाली.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आम्हा बहुतेक शिक्षकांना निवडणुकीच्या कामाचे आदेश आले. मध्ये दिवाळीची सुट्टी. शाळा समितीची बैठक सुट्टीआधी उरकून घेण्यासाठी मोठ्या बाईंनी खूप धडपड केली, म्हणूनच ठराव वेळेत झाला. विक्रेत्याला अर्धी रक्कम आगाऊ हवी होती, संस्था आगाऊ देत नाही. शेवटी कोल्हापूरचे एक व्यापारी माल तपासून पंधरा दिवसांत धनादेश घ्यायला तयार झाले. २० नोव्हेंबरला मतदान झालं आणि त्याच आठवड्याच्या शेवटी खोकी आली.

हिशोब असा. स्टिकच्या २४ जोड्या १२,४८०, बेसच्या तीन जोड्या (दोन घट्ट, एक मऊ) २,७००, टेनरच्या दोन १,३००, लायराच्या दोन ७००, वाहतूक २५०. एकूण १७,४३० रुपये, करासह. निम्मी रक्कम पालक-शिक्षक संघाने उचलली. दहा मुलींना २४ जोड्या कशाला, असं समितीत विचारलं गेलं. पण स्टिक मोडतात, आणि नंतर घेतलेली जोडी पहिल्या संचाशी जुळत नाही. सुटे जोड त्याच खेपेत घेणं शहाणपणाचं.

माल ताब्यात घेण्याआधी तपासणी केली, सही नंतर. प्रयोगशाळेतली सपाट काच टेबलावर ठेवली आणि एकेक स्टिक लोळवली. सरळ स्टिक निमूट लोळते, वाकलेली उचलून-आपटून टकटक आवाज करते. मग काट्यावर वजन, आणि शेवटी कान. स्टिक बोटांत सैल धरून लाकडी बाकावर हलकेच टोकली की तिचा स्वतःचा सूर ऐकू येतो. एकीचा उंच, एकीचा खालचा. सारख्या सुराच्या दोन एकत्र लावायच्या. संगीताच्या बाई आणि दोन मुली अख्खी दुपार हेच करत बसल्या होत्या. त्यातली एक मुलगी डोळे मिटून जोड्या जुळवायची आणि काट्यावर त्या ग्रॅमभराच्या फरकाने बरोबर निघायच्या. तिचं मला फार कौतुक वाटलं. सहा स्टिक नापास झाल्या, व्यापाऱ्यांनी आठवड्यात बदलून दिल्या, कारण अट लेखी होती.

नोंदीचा एक मुद्दा. ड्रम जडवस्तू संग्रह नोंदवहीत जातात. स्टिक आणि बीटर झिजून संपणाऱ्या वस्तू, त्या उपभोग्य साहित्याच्या वहीत घ्या. जडवस्तूत चढल्या तर मोडलेली प्रत्येक स्टिक निर्लेखनाचा, म्हणजे ती वहीतून काढून टाकण्याचा, ठराव होईपर्यंत सांभाळत बसावी लागते.

डिसेंबरभर नव्या स्टिकवर सराव झाला. पहिला आठवडा मुलींच्या बोटांना फोड आले. चकचकीत लॅकरवर हाताला घाम येऊन स्टिक घसरत होत्या. काकांनी फक्त पकडीच्या जागी बारीक सँडपेपर फिरवायला लावला, तेवढ्याने भागलं. प्रत्येक जोडीवर क्रमांक घातला आणि ती जोडी त्या मुलीची ठरवली. सराव संपला की कोरड्या फडक्याने पुसून पिशवीत. ड्रमच्या कडेवर आपटायचं नाही. स्टिकच्या खांद्याजवळ, म्हणजे ती टोकाकडे निमुळती होते तिथे, ढलप्या निघायला लागल्या की ती सरावाला वापरायची, कार्यक्रमाला नाही. आणि झांजेवर स्टिक मारून पाहायचा मोह मुलींना होतोच, त्याने टोकं सर्वांत लवकर जातात.

२६ जानेवारी रविवारी आली. थंडी होती, बोटं आखडू नयेत म्हणून मुली पहाटे हात चोळत होत्या. झेंडावंदनानंतर बँड निघाला. मी मंडपाच्या बाजूला, चाचणीत फोन ठेवला होता तिथेच उभी राहिले. दहा ड्रमचा रोल एका पट्टीत सुरू झाला आणि एका जागी थांबला. बेसचा ठोका पावलावर पडत होता. टेनरच्या दोघींनी बीटर फिरवले तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. काका काहीच बोलले नाहीत, नंतर मुलींना मात्र त्यांनी स्वतःच्या पैशांनी वडापाव खायला घातला.

आजवर चार जोड्या मोडल्या, सुट्या जोडांतून भागतं आहे. घट्ट बीटरचं फेल्ट एका बाजूने दबलं आहे, म्हणून आता दर आठवड्याला दांडा हातात थोडा फिरवून धरायला शिकवतो. पातळ पानं बदलायला झाली आहेत. त्यांचा तपशील काकांनी सांगितला तसा लिहून फेब्रुवारीतच अर्ज दिला, भाऊसाहेबांनी आवक क्रमांक टाकला आहे आणि या वेळी दरपत्रकं गणपतीच्या बरीच आधी मागवायची ठरली आहेत.